निवासी शाळेतील परिचारिका आणि रात्रीची वेळ

रात्रीचे अकरा वाजून गेले आहेत. चोपडा किंवा शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या निवासी शाळेतील दिवे मालवले आहेत. अधीक्षिकाबाईंची शेवटची फेरी झाली आहे आणि मुली झोपी गेल्या आहेत. तेवढ्यात सहावीतील एक मुलगी पोट धरून उठून बसते. ती घरी पावरी बोलते. शाळेत शिकलेल्या मराठीतून तिला 'दुखते' एवढे सांगता येते. कोठे, कसे, केव्हापासून, हे सांगण्याइतकी ती भाषा अजून तिची झालेली नाही. शेजारच्या मुली जाग्या होतात, अधीक्षिकाबाई धावत येतात आणि पहिले वाक्य उच्चारले जाते : "सिस्टरला बोलवा."

हे चित्र कोणा एका शाळेचे नाही. जळगाव, धुळे आणि १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग असलेला नंदुरबार, या तिन्ही जिल्ह्यांतील निवासी शाळांशी ज्यांचा संबंध आला आहे अशा शिक्षकांना, अधीक्षकांना आणि सरपंचांना ते ओळखीचे वाटेल. 'सिस्टरला बोलवा' या दोन शब्दांत एक संपूर्ण व्यवस्था गृहीत धरलेली असते. सिस्टर नेमलेली आहे, ती जवळच राहते, ती जागी आहे, तिच्या हाताशी औषध आहे आणि दिवसभराचे काम आटोपूनही ती येणारच आहे. यांपैकी किती गोष्टी खऱ्या असतात आणि ज्या खऱ्या नसतात त्यांची भरपाई कोणी करावयाची, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शाळेत परिचारिका आली कशी

शाळेसाठी स्वतंत्र परिचारिका असावी ही कल्पना तशी जुनी आहे. न्यूयॉर्क शहरात १९०२ मध्ये खरूज, उवा, डोळ्यांचे विकार अशा कारणांसाठी डॉक्टर मुलांना शाळेतून घरी पाठवीत. परंतु घरी गेलेल्या मुलावर उपचार कोणीच करीत नसे आणि मूल महिनोन् महिने शाळेबाहेर राही. त्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात लीना रॉजर्स नावाच्या परिचारिकेला चार शाळांमध्ये एक महिन्याच्या प्रयोगासाठी नेमण्यात आले. ती शाळेत मलमपट्टी करी आणि शाळा सुटल्यावर मुलांच्या घरी जाऊन आयांना उपचार समजावून सांगे. प्रयोग यशस्वी झाला आणि नगरपालिकेने आणखी परिचारिका नेमल्या. शाळेच्या परिचारिकेचे काम शाळेच्या घंटेबरोबर संपत नाही, ही गोष्ट या पहिल्याच प्रयोगात दिसून आली होती, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

आपल्या देशात शालेय विद्यार्थ्यांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ मध्ये बडोदे येथे झाली. १९४६ च्या भोर समितीने आणि १९६० मध्ये नेमलेल्या श्रीमती रेणुका राय यांच्या समितीने शालेय आरोग्यसेवेचा विचार केला. तथापि सर्वसाधारण शाळेत परिचारिकेचे स्वतंत्र पद निर्माण झाले नाही. आमच्या लहानपणी खानदेशातील शाळेचा दवाखाना म्हणजे गुरुजींच्या कपाटातील लाल औषधाची बाटली आणि कापसाचा गोळा. गुडघा फुटला की तेवढ्यावर भागे. त्याहून अधिक काही झाले तर गुरुजी सायकल काढीत.

आज हे चित्र पालटले आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. या कार्यक्रमातील फिरत्या पथकात दोन वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असते. पथक अंगणवाड्यांतील बालकांना वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा तपासते. हृदयाचा दोष, दृष्टिदोष, रक्तक्षय असे विकार त्यातून वेळीच उजेडात येतात. परंतु पथक दिवसा येते आणि दिवसाच परत जाते. रात्रीच्या पोटदुखीशी त्याचा संबंध नाही व तशी अपेक्षाही नाही.

जेथे परिचारिका शाळेच्या आवारातच राहते अशा शाळा थोड्या आहेत. जवाहर नवोदय विद्यालये हे त्याचे ठळक उदाहरण होय. देशातील पहिली दोन नवोदय विद्यालये १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर आणि आपल्या राज्यातील अमरावती येथे सुरू झाली. जळगाव जिल्ह्याचे विद्यालय भुसावळ तालुक्यातील साकेगाव येथे आहे. या विद्यालयांच्या कर्मचारीवर्गात परिचारिकेचे पद आहे आणि तिने आवारात राहावे अशीच योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या एकलव्य निवासी शाळांनीही हाच मार्ग धरला असून, २०२५ मध्ये देशभरातील एकलव्य शाळांसाठी जी भरती जाहीर झाली तीत स्त्री परिचारिकांची ५५० पदे होती.

आश्रमशाळांची गोष्ट निराळी आहे. राज्यात शासकीय आश्रमशाळा सुमारे पाचशे आणि स्वयंसेवी संस्थांच्या अनुदानित आश्रमशाळा त्याहून काहीशा अधिक आहेत. जळगाव जिल्ह्यातील आश्रमशाळा यावल येथील आणि धुळे जिल्ह्यातील आश्रमशाळा धुळे येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. या शाळांची मूळ रचना झाली तेव्हा मुख्याध्यापक, शिक्षक, अधीक्षक, अधीक्षिका, स्वयंपाकी, कामाठी अशी पदे योजली गेली. परिचारिकेचा त्यात समावेश नव्हता. विद्यार्थ्यांच्या मृत्यूंचा प्रश्न पुढे आल्यानंतर डॉ. सुभाष साळुंके यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याचा अभ्यास करून २०१६ मध्ये अहवाल दिला, तेव्हापासून आश्रमशाळेतील आरोग्यव्यवस्था हा राज्यभर चर्चेचा विषय झाला आहे.

जेथे स्वतंत्र परिचारिका नाही तेथे 'सिस्टर' म्हणजे जवळच्या उपकेंद्रातील आरोग्यसेविका. आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येस एक उपकेंद्र हे प्रमाण आहे. म्हणजे बाळंतपणे, लसीकरण, क्षयरोग्यांची औषधे हे सर्व सांभाळून त्याच बाईने तीनचारशे मुलांच्या शाळेकडेही पाहावयाचे असते. गावात तिला हाक येते ती अहिराणीत : "सिस्टर, पोऱ्याले ताप शे." मध्यरात्री आलेल्या या हाकेला ती सहसा नाही म्हणत नाही. प्रश्न तिच्या चांगुलपणाचा नसून, त्या चांगुलपणावर सगळी व्यवस्था उभी करावी काय, हा आहे.

जे सकाळपर्यंत थांबत नाही

आजारी पडलेल्या दहा मुलांपैकी आठ-नऊ मुलांना सकाळपर्यंत थांबता येते. ज्या एका-दोघांना थांबता येत नाही त्यांना ओळखणे, हेच रात्रीचे खरे काम आहे. ते काम परिचारिका घरी असताना अधीक्षकाला किंवा अधीक्षिकेला करावे लागते, म्हणून काही गोष्टी त्यांना माहीत असणे अगत्याचे आहे.

खानदेशच्या संदर्भात सिकलसेलचा विचार प्रथम केला पाहिजे. पुण्याचे डॉ. एस. एल. काटे यांच्यासारख्या संशोधकांनी राज्यातील आदिवासी जमातींची जी पाहणी केली, तीत काही जमातींमध्ये या दोषाच्या वाहकांचे प्रमाण शेकडा वीस किंवा त्याहूनही अधिक आढळले. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत हा आजार ठाऊक आहे. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि तपासणी करून कार्डे देण्याच्या कामाला वेग आला. वाहक आणि रुग्ण यांतील फरक मात्र शाळेत अनेकदा समजलेला नसतो. वाहक मुलाला सामान्यतः काहीच त्रास होत नाही. दोन्ही पालकांकडून दोष आलेल्या मुलाच्या रक्तातील तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडापर्यंत ठणकणाऱ्या वेदना सुरू होतात. पाणी कमी पडणे, थंडी, ताप आणि अति श्रम ही त्याची नेहमीची कारणे होत. डिसेंबर-जानेवारीत सातपुड्याच्या कुशीत पहाटे चांगलाच गारठा असतो आणि एप्रिलमध्ये भुसावळ-जळगावचा पारा देशातील सर्वांत तप्त ठिकाणांच्या बरोबरीने चढतो. एकाच शाळेत, एकाच वर्षात, ही दोन्ही संकटे त्या मुलाला गाठतात.

अशा मुलाला भरपूर पाणी द्यावे, उबेत ठेवावे, दुखऱ्या भागावर बर्फ लावू नये. पण त्याला चांगलाच ताप भरला, छातीत दुखू लागले, धाप लागली, चेहरा एकाएकी पांढरा पडला, पोटाची डावी बाजू फुगून दुखू लागली किंवा एका बाजूचे हातपाय लुळे पडले, तर सकाळची वाट पाहावयाची नाही. सामान्य मुलाच्या तापाला रात्रभर ओल्या फडक्यावर ठेवता येते. सिकलसेलच्या रुग्णाचा ताप हा रुग्णालयाचा ताप असतो. म्हणूनच कोणत्या खोलीत, कोणत्या खाटेवर सिकलसेलचा विद्यार्थी झोपतो हे अधीक्षकाला तोंडपाठ हवे. मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलुपबंद असलेल्या कार्डाचा रात्री बारा वाजता काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट सर्पदंशाची. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप. त्यांतील मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिच्या दंशाच्या खुणा पुष्कळदा दिसतच नाहीत, सूजही येत नाही आणि वेदना इतकी थोडी असते की मूल झोपेतून उठतही नाही. काही वेळाने पोट दुखते, उलटी होते. मग पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही, बोलणे अडखळते आणि अखेर श्वासाचे स्नायू थकतात. आरंभी वर्णिलेल्या मुलीच्या पोटदुखीकडे यासाठीच गांभीर्याने पाहिले पाहिजे. जमिनीवर झोपलेल्या मुलाचे पोट मध्यरात्री अकारण दुखू लागले आणि पापण्या मिटू लागल्या, तर चावल्याची खूण शोधत बसू नये. मण्यार चावली आहे असे धरूनच निघावे. दोरी आवळणे, जखम चिरणे, रक्त चोखणे, मांत्रिकाकडे नेणे, यांनी केवळ वेळ जातो व इजा वाढते. मुलाला चालू देऊ नये, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि सर्पविषावरील लस व श्वासोच्छ्वासाला आधार देण्याची सोय जेथे आहे तेथे न्यावे. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून, २०३० पर्यंत या मृत्यूंचे प्रमाण निम्म्यावर आणावे असे त्यात उद्दिष्ट आहे. आश्रमशाळेपुरते बोलावयाचे तर खाट, मच्छरदाणी आणि विजेरी या तीन वस्तू त्या उद्दिष्टाला बराच हातभार लावतील.

विंचूदंशाबाबत आपण महाराष्ट्रीयांनी थोडा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत असताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचा अभ्यास आरंभिला आणि प्राझोसिन या साध्या गोळीने कितीतरी मुलांचे प्राण वाचू शकतात हे दाखवून दिले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाची असते. परंतु दंश झालेल्या मुलाला दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले व उलट्या होऊ लागल्या तर ते डॉक्टरांपर्यंत तासाभरात पोहोचलेच पाहिजे, एवढे शाळेला कळावयास हवे.

फिटबाबत थोडक्यात सांगता येईल. फिट आलेल्या मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर रुग्णवाहिका बोलवावी. स्वयंपाकघरात भाजलेल्या मुलाच्या जखमेवर वीस मिनिटे वाहते पाणी सोडावे. दंतमंजन, शाई, पीठ यांपैकी काहीही लावू नये.

सहकाऱ्यांच्या अपेक्षा

येथपर्यंतचे सर्व प्रसंग विद्यार्थ्यांचे झाले. परिचारिकेची झोपमोड करणारे सर्वच प्रसंग असे असते तर तिची तक्रार नसती. निवासी शाळेच्या आवारात राहणाऱ्या परिचारिकेचा दिवस ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की, तिच्या दारावर रात्री पडणाऱ्या थापांपैकी पुष्कळ थापा विद्यार्थ्यांच्या नसतात. कोणा सरांच्या आईची साखर मोजावयाची असते. कोणा बाईंना खाजगी दवाखान्यातून आणलेले इंजेक्शन टोचून हवे असते. कोणाला अशक्तपणा वाटतो म्हणून सलाईन हवे असते, जणू ते शहाळ्याचे पाणीच. कोणाला आजारपणाच्या रजेसाठी दाखला हवा असतो. तो देण्याचा अधिकार परिचारिकेला नाही हे सांगितले की 'सिस्टर मोठ्या झाल्या' असा शेरा मिळतो. ती रजेवर माहेरी गेली तरी गोळ्या कोणत्या कपाटात आहेत हे विचारण्यासाठी दूरध्वनी येतच राहतो.

यामागे दुष्टपणा नसतो. दुर्गम भागातील शाळेत सारे कर्मचारी एका वाड्यातील बिऱ्हाडांसारखे राहतात. मीठ-साखर उसनी मागावी तशी सेवाही मागितली जाते. शेजारधर्म म्हणून परिचारिका ती देतेही. मात्र दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय इंजेक्शन किंवा सलाईन देणे तिच्या अधिकारात बसत नाही. काही विपरीत घडले तर जबाबदारी तिचीच ठरते, मागणाऱ्याची नव्हे. आणि दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रात्री दहाला सरांचा रक्तदाब, अकराला कामाठ्याच्या मुलाचा खोकला आणि पहाटे चारला खऱ्या निकडीच्या मुलाची हाक आली, तर चार वाजताची परिचारिका ही दहा वाजताची परिचारिका राहिलेली नसते. तिचा दूरध्वनी वाजून वाजून बंद होण्याची शक्यता त्याच वेळी सर्वांत जास्त असते.

यावर साधा उपाय म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी दिवसातील एक वेळ ठरवून देणे. सायंकाळी पाच ते साडेपाच सिस्टर कर्मचाऱ्यांचा व त्यांच्या कुटुंबीयांचा रक्तदाब पाहतील, असा फलक मुख्याध्यापकांच्या सहीने लागला तर पुष्कळ काम होते. फलकावर सही परिचारिकेची असू नये. नकार देण्याचे ओझे तिच्यावर टाकले की तो नकार व्यक्तिगत वाटतो; मुख्याध्यापकांनी घालून दिलेला नियम म्हटला की कोणाचे मन दुखावत नाही.

'शासकीय कर्मचारी चोवीस तासांचा' हे वाक्य अशा चर्चेत हमखास ऐकावयास मिळते. मुख्यालयी राहणे हे अनेक पदांच्या बाबतीत बंधनकारक आहे, घरभाडे भत्त्याशी त्याचा संबंध आहे आणि ग्रामसभांमध्ये त्यावरून खडाजंगीही होते. परंतु मुख्यालयी राहणे आणि चोवीस तास कामावर असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. निकडीच्या प्रसंगी उपलब्ध असावे यासाठी मुख्यालयी राहावयाचे असते. निकड कोणती हे ठरलेलेच नसेल तर सारेच निकडीचे होऊन बसते. रुग्णालयात परिचारिकेची पाळी संपली की दुसरी परिचारिका येते. शाळेत दुसरी परिचारिका येत नाही, म्हणून तिच्या पाळीनंतरची जागा इतरांनी शिकून घेऊन भरावयाची आहे.

हे शिकविणे परिचारिकेच्या कामाचा भाग मानले जावे. आयुष्मान भारत योजनेखालील शालेय आरोग्य कार्यक्रमात २०२० पासून प्रत्येक शाळेतील दोन शिक्षक, एक पुरुष व एक स्त्री, यांना आरोग्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांचे मुख्य काम आरोग्यशिक्षणाचे. पण या दोघांबरोबर अधीक्षक, अधीक्षिका आणि आठवी-नववीतील चार-सहा जाणती मुले-मुली यांना परिचारिकेने महिन्यातून एक तास दिला तर रात्रीचे निम्मे प्रश्न सुटतात. मोठ्या मुलींचा उपयोग आणखी एका कारणाने होतो. पावरी, भिल्ली किंवा कोकणी बोलणाऱ्या लहान मुलाचे दुखणे त्यांना कळते. रात्रपाळीचा दुभाषी खोलीतच झोपलेला असतो. त्याला उठवावयाचे कोणी सुचवीत नाही इतकेच.

मुलाबरोबर कोणी जावयाचे

मुलाला रुग्णालयात न्यावयाचे ठरले की सर्वांची नजर पुन्हा परिचारिकेकडे वळते. ती गाडीत बसते, चोपडा किंवा शिरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात मुलाला दाखल करते आणि पुष्कळदा तेथेच अडकून पडते. कारण दाखल झालेल्या मुलाजवळ कोणीतरी बसावयास हवे. मूल तीन दिवस राहिले तर तीही तीन दिवस राहते. त्या तीन दिवसांत शाळेतील उरलेल्या चारशे मुलांना परिचारिका नसते, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. रुग्णालयात परिचारिका असतातच; तेथे हवे असते ते मुलाचे ओळखीचे माणूस. ते अधीक्षक, अधीक्षिका किंवा शिक्षक असू शकते, मुलगी असेल तर स्त्री असावी. वाटेत प्रकृतीकडे लक्ष ठेवणे आवश्यक असेल तरच परिचारिकेने सोबत जावे आणि मुलाला डॉक्टरांच्या स्वाधीन करून परतावे. पाळी कोणाची हे महिन्याच्या पहिल्या तारखेलाच कागदावर ठरलेले असावे. मध्यरात्री ठरवू गेल्यास ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्यावर ते येते, आणि ती व्यक्ती बहुधा परिचारिकाच असते.

वाहनासाठी १०८ क्रमांक आहे. ही सेवा राज्यात जानेवारी २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. दूरध्वनी करणाऱ्याने शाळेचे नाव सांगून थांबू नये. गाव, तालुका, मुख्य रस्त्यावरील फाटा आणि जवळची ठळक खूण सांगावी, आणि एका माणसाला विजेरी देऊन फाट्यावर उभे करावे. एकाच नावाची गावे दोन तालुक्यांत असतात व त्यात मोलाची मिनिटे जातात. ज्या शाळेच्या आवारात भ्रमणध्वनीला रेंज मिळत नाही तेथे ती कोठे मिळते, टाकीच्या कट्ट्यावर की मैदानाच्या टोकाला, हे रात्रपाळीच्या प्रत्येकाला ठाऊक असावे. पावसाळ्यात नाल्याला पाणी आले की रुग्णवाहिका पलीकडे थांबते. अशा वेळी गावातील जीप व ट्रॅक्टरधारकांची नावे उपयोगी पडतात.

येथे ग्रामपंचायतीचा भाग येतो. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर आणि साक्री या तालुक्यांतील जी गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत, त्यांच्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या निधीतील पाच टक्के रक्कम थेट देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०१५ मध्ये घेतला. या निधीच्या खर्चाच्या बाबींत आरोग्य, स्वच्छता व शिक्षण यांचा समावेश आहे. शाळेच्या फाट्यावरील सौर दिवा, वसतिगृहाभोवतीच्या गवताची सफाई, भिंतीतील बिळे व भेगा बुजविणे ही कामे ग्रामसभेने मनावर घेतली तर अवघड नाहीत. गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीलाही वार्षिक निधी असतो. वाहनाच्या इंधनाचे पैसे त्या रात्री कोणाच्या खिशातून जावयाचे, हा प्रश्न क्षुल्लक दिसतो, परंतु त्यासाठी अर्धा तास खोळंबा होऊ शकतो.

नोंदवहीबद्दल दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. दुर्दैवाने एखादे मूल दगावले तर चौकशी होते आणि पहिला प्रश्न परिचारिकेला विचारला जातो. तिने जे केले ते लिहिलेले नसेल तर ते केलेच नाही असे धरले जाते. यासाठी लांबलचक अहवालाची गरज नाही. मुलाचा त्रास केव्हा कळला, कोणी पाहिले, दूरध्वनी केव्हा केला, वाहन केव्हा आले, शाळेतून केव्हा निघाले, या पाच नोंदी घड्याळ पाहून केल्या की पुरे. अशा सहा महिन्यांच्या नोंदी मुख्याध्यापकांनी एकदा वाचून पाहाव्यात. वेळ नेमका कोठे जातो, फाट्यावर, दूरध्वनीवर की निर्णय घेण्यात, हे त्यांतून कळते आणि प्रकल्प कार्यालयाकडे मागणी करताना त्यांचा आधार घेता येतो. रात्र जागून काढलेल्या परिचारिकेला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विश्रांती दिल्याची नोंदही त्याच वहीत व्हावी. दुसऱ्या दिवशी जंतनाशक गोळ्यांचे वाटप असेल तर ते एक दिवस पुढे ढकलावे.

राहता राहिला पालकांचा प्रश्न. दिवाळीनंतर सातपुड्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी गुजरातेत जातात. प्रवेशअर्जावर लिहिलेला भ्रमणध्वनी क्रमांक तोपर्यंत बदललेला किंवा बंद असतो आणि मूल शस्त्रक्रियेच्या दारात असताना बापाचा शोध सुरू होतो. प्रवेशाच्या वेळीच निकडीच्या उपचारासाठी पालकांचे संमतिपत्र घ्यावे. आणि दिवाळीची सुटी संपवून मुले परततात त्या दिवशी, पेट्या आणि अंथरुणे उतरवून घेतानाच, अधीक्षकांनी प्रत्येक मुलाला विचारावे की, आईबाप यंदा कोणत्या गावी आहेत आणि त्यांच्या मुकादमाचा क्रमांक काय.